रस्त्याकडे पाठ केलेलं घर

मोबाईल उपडे ठेवा सगळ्यांनी. लाइट यायची तेव्हा येईल. आणि तू, होणाऱ्या आर्किटेक्ट बाई, अशी पुढे सरकून बस, कारण ही गोष्ट मी तुझ्यासाठी सांगतोय. आईला विचारायला जाऊ नकोस, ती म्हणेल काका काहीही फेकतो. फेकत नाही. मी जन्मभर घरांचे फोटो काढून पोट भरलं, आणि त्यातली निम्मी घरं ज्या माणसाने बांधली, त्याच्याच बाबतीत हे घडलं.

आम्ही त्याला भिंत्या म्हणायचो. तोंडावर. तोही हसायचा. सुरुवातीला बिचारा एका मोठ्या ऑफिसात हॉटेलांच्या बाथरूमचे नकाशे काढत बसायचा. मग एका डॉक्टरने गावाबाहेर घर बांधायला दिलं आणि भिंत्याचं नशीब फळफळलं. त्या घराला रस्त्याच्या बाजूने एकही खिडकी नव्हती. नुसती दगडी भिंत, दीड फूट जाडीची, आणि तिच्यात एक दार. आत गेलात की मात्र मागे सगळं मोकळं, बाग, झाडं, आभाळ. लोक खुळावले. शहरातल्या ज्याला त्याला गावाबाहेर तसंच घर हवं झालं. मासिकांत माझे फोटो यायचे आणि खाली त्याचं ठरलेलं वाक्य, की घराने रस्त्याकडे पाठ करावी, म्हणजे माणसाला शांती मिळते. मला ते वाक्य तेव्हाही आवडायचं नाही, पण फोटोवाल्याला कोण विचारतो.

माणूस मेहनती होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याची एक सवय होती. घर पुरं झालं की मालकाच्या हातात किल्ली देण्याआधी एक रात्र तो तिथे एकटा झोपायचा. कुठला नळ ठिबकतो, कुठलं दार करकरतं, पहाटे उजेड थेट उशीवर येतो का, हे म्हणे दिवसा कळत नाही. "पहिली रात्र माझी," म्हणायचा. सकाळी मी कॅमेरा घेऊन पोचायचो तेव्हा तो फोनवर सुताराची नाहीतर प्लंबरची खरडपट्टी काढत असायचा.

तर एका गिऱ्हाइकाचं गावाबाहेर, फाट्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, चार खोल्यांचं साधं जुनं घर होतं. हा घरातला थोरला मुलगा. जुन्या घरात वडील एकटे राहायचे, सगळे त्यांना आबा म्हणायचे. थोरल्याला ते घर पाडून भिंत्याकडून नवं बांधून घ्यायचं होतं आणि आबा काही केल्या ऐकेनात. भिंत्या समजूत काढायला गेला तेव्हा जुन्या घराचे फोटो काढायला म्हणून मलाही घेऊन गेला. आबा रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची टाकून बसले होते, दोन्ही कोपरं लाकडी चौकटीवर टेकवून. इतकी वर्षं तसे बसलेले, की लाकडात कोपरांचे दोन खळगे पडले होते, अगदी गुळगुळीत. आम्हाला बघून उठले तशी खुर्ची फरशीवर खर्र वाजली. तिच्या एका पायाला लोखंडी टोपी होती.

"माझा धाकटा घर सोडून गेलाय," आबांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. "चारचौघांत मी त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हटलं, चालता हो. झाला चालता. पोरसवदा होता, आता चाळिशीचा असेल. पत्ता नाही, फोन नाही. पण येणार. आणि कसा येणार तेही मला ठाऊक आहे. रात्री, कुणाच्या नजरेला न पडता. दार वाजवायचा नाही तो, माझ्यावर गेलाय. रस्त्यावर उभा राहील नुसता. तेव्हा 'ये आत' म्हणायला मी खिडकीत नको का?"

त्या खिडकीत रात्रभर दिवा असायचा. रस्त्याने कुणीही गेलं की आबांची हाक ठरलेली, "कोण आहे? ये, दार उघडंच आहे." फाट्यावरची टवाळ पोरं मुद्दाम तिथून फेऱ्या मारायची.

शेवटी आबा तयार झाले, एका अटीवर. खिडकी जिथे आहे तिथेच हवी. भिंत्या म्हणाला, "आबा, शब्द देतो." त्या खळग्यांवरून त्याने हातसुद्धा फिरवला. मी बघितलंय.

आणि मग नकाशा काढायला बसला, आणि काय सांगू तुला. ती खिडकी ठेवली की भिंत तुटायची. मला म्हणाला, "एवढीशी खिडकी, पण घराचं तोंड बिघडतंय रे." थोरल्यालाही मासिकातली भिंतच हवी होती. झालं, खिडकी उडाली. बांधकाम चालू असताना आबा आवारातच पत्र्याच्या खोलीत राहायचे. भिंत चढताना रोज बघायचे. एक दिवस विचारलं, "साहेब, खिडकी?" हा म्हणाला, "मागे केवढी मोठी देतोय, आबा. सगळी बाग दिसेल." आबांनी चढत्या भिंतीवर हात टेकवला. मग म्हणाले, "बागेतून कोण येणार?"

सप्टेंबरात आबा गेले. नवं घर त्यांनी आतून पाहिलंच नाही. घर पुरं झालं नोव्हेंबरात.

सतरा नोव्हेंबर, गुरुवारची रात्र. तीन वर्षं होऊन गेली. पुढचं सगळं भिंत्याने मला दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर बसून सांगितलं, माझ्या पदरचं त्यात काही नाही.

नेहमीसारखाच गेला तो. सोबत आणलेला डबा खाल्ला, नळ तपासले, दारं उघडून लावून पाहिली. सगळं ठाकठीक. नव्या घराला रंगाचा वास येत होता आणि पठ्ठ्या स्वतःवर खूश होता. घरात सामान काहीच नव्हतं. थोरल्याने फक्त आबांची खुर्ची आणून त्यांच्यासाठी काढलेल्या खोलीत ठेवली होती, मागच्या बागेच्या खिडकीशी. भिंत्याने पुढच्या दालनात अंथरूण टाकलं. बाहेरचं दार नुसतं लोटून घेतलं. तिथे कोण येतंय मरायला.

साडेअकराला त्याला जाग आली.

खर्र...

मांजर असेल, म्हणाला. टॉर्च घेऊन उठला. आबांच्या खोलीत गेला. खुर्ची खोलीच्या मधोमध होती. सुताराने सरकवली असणार, असं मनाशी म्हणत त्याने ती उचलली आणि परत बागेच्या खिडकीशी ठेवली. पण संध्याकाळी ती तिथेच होती, हे त्याला आठवत होतं. नीट आठवत होतं.

अंथरुणावर पडला. डोळे मिटले नाहीत.

खर्र... खर्र...

परत गेला. दारातूनच टॉर्च मारला. खुर्ची आता भिंतीला टेकली होती. रस्त्याकडच्या भिंतीला. तोंड भिंतीकडे.

या वेळी त्याने तिला हात लावला नाही. तसाच मागे सरत दालनात आला. भिंतीला पाठ लावून उभा राहिला. टॉर्च विझवला... का विझवला, त्यालाही सांगता येईना.

मग आवाज बदलला. तळहाताचा आवाज. प्लास्टरवर. वर... खाली... बाजूला. अंधारात आपण खिडकीची कडी चाचपतो ना, तसा. घाई नाही. चाचपणं चालूच.

"कोण..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

चाचपणं थांबलं.

बाहेर खडीवर पाऊल वाजलं.

एक. मग दुसरं. सावकाश. रस्त्यावरून आत येणारं. भिंतीच्या कडेने... दाराशी. दाराखालच्या फटीतून उजेडाची बारीक रेघ आत आली. हलली. थांबली.

आणि आतल्या खोलीत भिंतीवर थापा पडायला लागल्या. जोरात. दोन्ही हातांनी. थड थड थड...

दीड फूट दगड. बाहेर काय ऐकू जाणार.

भिंत्याला वाटलं, आत एक आहे आणि आता दारातही. दार नुसतं लोटलेलं. तो झेपावला. कडी सरकवली.

खट्ट.

थापा थांबल्या.

बाहेरही काही नाही. आतही नाही...

किती वेळ गेला, देव जाणे. मग फटीतली रेघ विझली. पावलं वळली. खडीवरून... रस्त्यावर... गेली. आतल्या खोलीत त्यानंतर खुर्चीही वाजली नाही.

सकाळी मी पोचलो तेव्हा भिंत्या पायरीवर बसला होता, तोंड पांढरंफटक. सगळं ऐकून मी त्याला म्हटलं, चल, आधी चहा घेऊ, मग बघू तुझं भूत. फाट्यावर गेलो. चहावाला त्या गावात नवीन होता. कप पुढे करत सहज विचारतो, "साहेब, काल रात्री तुमच्याकडे पाहुणे यायचे होते का? मी दुकानातच झोपतो, फटीतून दिसतं. शेवटच्या बसने एक जण उतरला. चाळिशीचा असेल, पाठीला बॅग. तुमच्या घराकडे गेला आणि लगेच परत आला. पहाटे पहिली बस येईपर्यंत या बाकावर बसून होता."

"काही बोलला?" मी विचारलं.

"मी दुकान उघडल्यावर जरा बोलला. म्हणाला, इथे एका खिडकीत दिवा असायचा. दिवा दिसला तर थांबायचं, असं ठरवून आलो होतो. दिवा काय, खिडकीच नाही. तरी म्हटलं, एवढं आलोय तर दारापर्यंत जावं. वाजवायला हात उचलला होता म्हणे."

"मग?"

"आतून कुणीतरी कडी लावली."

"आबा गेले, हे सांगितलंस का त्याला?"

"कोण आबा?" चहावाला म्हणाला.

म्हणजे त्या पोराला वाटलं, बापानेच लावली. तेच मनात घेऊन तो गेला, आणि भिंत्यालाही ते त्याच क्षणी कळलं. कप तसाच ठेवून तो उठला आणि बस गेली त्या दिशेने चालायला लागला. पहिली बस सुटून दोन तास झाले होते. मी त्याला दंडाला धरून परत आणला, तेव्हा तो लहान मुलासारखा रडत होता.

थोरल्याने आकाशपाताळ एक केलं, पोलीस झाले, जाहिराती झाल्या. धाकट्याचा पत्ता आजतागायत नाही. ती भिंत आठवड्याच्या आत फोडली आणि बरोबर जुन्या जागी खिडकी काढली. खिडकीच्या बुडाला, कोपरं टेकायच्या जागी, काळ्या दगडाची घट्ट फरशी बसवली, नुसता गिलावा झिजेल म्हणून. खुर्ची तिथे ठेवली आणि खोलीला कुलूप घातलं. दिव्याचं बटण बाहेर पॅसेजमध्ये आहे, रोज संध्याकाळी थोरल्याची बायको लावते. भिंत्याने त्यानंतर एकही घर बांधलं नाही.

मागच्या महिन्यात थोरल्याने मला बोलावलं होतं, घर विकायचं म्हणतोय, त्याचे फोटो काढायला. त्याने कुलूप काढून दिलं आणि स्वतः बाहेरच थांबला. आत सगळीकडे बोटभर धूळ. फक्त खिडकीतला काळा दगड स्वच्छ होता. दोन जागी तो आत गेलाय. मी खुर्चीत बसून माझी कोपरं तिथे टेकवून पाहिली. बरोबर बसली.