अनोळखी माणसाचं शोकपत्रक

देनाबाई नुकत्याच रडल्या आहेत हे ल्युबेनलासुद्धा कळलं. आणि ल्युबेनला एखादी गोष्ट कळायची म्हणजे ती फारच उघड असावी लागे.

ल्युबेनचा धंदा टॅक्सीचा. बिसेरा या खासगी तपास करणाऱ्या बाईला गावोगाव नेता नेता तो तिचा मदतनीस कधी झाला, ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं. बायको गेल्यापासून घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळे उशीर झाला तरी तक्रार कुणाची नव्हती.

बल्गेरियातल्या लोम गावात, डॅन्यूब नदीच्या बाजूला उतरणाऱ्या गल्लीत देनाबाईंचं छपाईचं दुकान होतं. मुख्य काम शोकपत्रकांचं. माणूस गेला की काळ्या चौकटीतला त्याचा फोटो दारावर, झाडावर, बसथांब्यावर लागायचा. मग पुन्हा चाळिसाव्या दिवशी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं. तरुण माणसं कामासाठी परदेशी गेलेली. आता गर्दी म्हणून काही उरली होती ती भिंतींवरच.

"सोमवारी मेल आला," देनाबाई म्हणाल्या. "कुणा अनोळखी माणसाचं चाळिसाव्याचं शोकपत्रक. फाइल उघडली आणि सगळ्या कॉम्प्युटरला कुलूप बसलं. बारा वर्षांचं गाव आहे हो त्यात! आणि माझ्या हरालांपीचा फोटो. येत्या शनिवारी त्याला जाऊन सहा महिने होतील. पत्रक लावायचंय आणि माणसाचा चेहराच नाही माझ्याकडे."

दुकानाच्या दारावर हरालांपीची दोन जुनी पत्रकं होती, पण पावसानं दोन्हींवरचा चेहरा पार धुऊन नेला होता.

बिसेरानं पडद्यावर नजर टाकली. काळा पडदा, मधोमध किल्लीचा आकडा भरायची एक चौकट. बाकी काही नाही.

"पैसे मागितले नाहीत? धमकी नाही?"

"काही नाही."

"विचित्र चोर आहे," ल्युबेन म्हणाला. "दाराला कुलूप लावून निघून गेला."

"आज तुला काय झालंय? बरोबर बोललास की!" बिसेरा म्हणाली. मग तिनं टेबलाखाली बोट दाखवलं. "आणि ही पेटी?"

तिथं एक जाडजूड, पिवळा पडलेला कॉम्प्युटर होता.

"तो आमचा पहारेकरी," देनाबाई पहिल्यांदाच जरा हसल्या. "आलेली प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि आधी याच्यावर उघडायची. याला ना इंटरनेट, ना कसली तार. बिघडला तर एकटाच बिघडेल. हरालांपीचा नियम होता हा. त्याला आमच्या कालिनानं शिकवला, मुलीनं. ती स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात असते. कंपन्यांतल्या लोकांना हेच शिकवते, की भलत्यासलत्या फायली उघडू नका."

"कसं शिकवते?"

"खोट्या फायली पाठवते. कोण फसतं ते बघते, मग त्याला समजावते." आईचा आवाज अभिमानानं जरा चढला.

"मग सोमवारी पहारेकऱ्याला का नाही विचारलंत?"

"विसरले."

"बारा वर्षांत पहिल्यांदा?"

देनाबाई स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसू लागल्या.

समोरच्याच बाजूला स्तामेनचं दुकान होतं. तोही पत्रकं छापायचा, पण फोटो असे काढायचा की मेलेला माणूस घरच्यांनाही ओळखू येऊ नये.

"मी?" तो उसळला. "अहो, मला फाइल जोडून पाठवता येत असती तर माझं दुकान असं ओस पडलं असतं? चाळिसाव्याचं पत्रक होतं ना? सगळ्या गावाला सांगितलंय तिनं. आता लोक माझ्याकडे बघतात!"

"देनाबाईंच्या टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर पाहिलाय?"

"ते डबडं? कशाला सांभाळलंय कोण जाणे. भंगारात टाक म्हणून दहादा सांगितलं." त्यानं खिडकीतल्या सोंगट्यांच्या पटाकडे पाहिलं. "हरालांपीच्या बायकोला मी असली फाइल पाठवेन? रोज चारला खेळायला यायचा. अजून चार वाजले की मी पट मांडतो, मूर्खासारखा."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ओग्न्यान बस स्टँडजवळ भेटला. ल्युबेननं तोवर चीज भरलेली एक बानित्सा खाऊन संपवून दुसरी घेतली होती.

"नियम मला माहीत होता," ओग्न्याननं सरळ कबूल केलं. "म्हणून तर पटत नाही. गेल्या नाताळात मी शुभेच्छा पाठवल्या, तर त्यासुद्धा काकूंनी आधी खालच्या मशीनवर उघडल्या. आणि कुणा परक्याचं चाळिसाव्याचं पत्रक सरळ उघडलं? छे! मी त्यांना सांगून थकलो होतो, सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. हो म्हणायच्या. आता कामापुरता माझा लॅपटॉप देऊन आलोय."

राहिली कालिना. बिसेरानं टॅक्सीत बसूनच तिला व्हिडिओ कॉल लावला.

"बरं झालं तुम्ही गेलात," कालिना थकलेल्या आवाजात म्हणाली. "निदान आता तरी आईला समजवा. बाबा गेले. गल्लीत चार म्हातारी माणसं उरलीत. हिवाळ्यात आई कुठं घसरून पडली तर कळणार कुणाला? इथं खोली तयार आहे. पण तिला गावातले मेलेले सोडवत नाहीत."

"एवढ्या सावध बाईनं ती फाइल उघडलीच कशी, याचंच मला नवल वाटतंय."

"त्यात नवल कसलं? सहा महिन्यांचं पत्रक समोर आल्यावर कुठल्या बाईचा हात थांबेल?"

बिसेरानं आभार मानून फोन ठेवला. 

"ओग्न्यानच," ल्युबेन म्हणाला. "नियम माहीत, मशीन माहीत. शंभर टक्के तोच."

"बानित्सा खा," बिसेरा म्हणाली.

दुकानात परतल्यावर तिनं देनाबाईंना बसायला सांगितलं. स्वतः मात्र उभी राहिली.

"ज्यानं हे केलं त्याला काहीही नको होतं. दुकान बंद पडलं की त्याचं काम झालं. स्तामेनला तुमचा नियमच माहीत नाही, तर तो मोडायला कसा लावणार? ओग्न्यानला माहीत आहे. पण तुम्ही त्याच्या नाताळच्या शुभेच्छांनाही पहाऱ्यातून नेता. म्हणजे फाइल कुणाची, याला महत्त्व नव्हतं. आत कोण आहे, याला होतं. तुमचा हात एकाच माणसासाठी थांबला नसता, देनाबाई. ते पत्रक अनोळखी माणसाचं नव्हतं."

देनाबाईंनी टेबल पुसायचं फडकं पुन्हा हातात घेतलं.

"तुम्ही स्तामेनला, ओग्न्यानला, मला, सगळ्यांना 'चाळिसाव्याचं' सांगितलंत. स्तामेन आणि ओग्न्यान दोघांनीही तेच म्हटलं. कारण त्यांना तेवढंच माहीत होतं. फक्त एका व्यक्तीनं आपणहून 'सहा महिन्यांचं' म्हटलं. खोट्या फायली बनवणं तिचं रोजचं काम. तुमचा नियम तिनंच शिकवलेला. आणि तुम्ही दुकान बंद करून तिकडे यावं म्हणून ती झुरतेय."

ल्युबेनच्या हातातली बानित्सा तशीच राहिली. "कालिना?"

"हरालांपी संत्र्याच्या झाडाखाली उभा होता," देनाबाई हळूच म्हणाल्या. "काळ्या चौकटीत. हसत होता. गेल्या वर्षी तो एकटाच तिच्याकडे गेला होता. दुकान बंद नको म्हणून मी मागं राहिले. तिथला तो फोटो मी कधी पाहिलाच नव्हता. आणि इथं एकदा ठरला की वर्षानुवर्षं तोच फोटो लागतो, इथल्या कुणीच दुसरा लावला नसता. संत्री दिसली तेव्हाच मला कळलं."

"कळलं होतं?" ल्युबेन चक्रावला. "मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

"सगळे म्हणतात या बाई फार हुशार आहेत. वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव शोधून काढतील."

बिसेरानं खुर्ची ओढली आणि ती देनाबाईंच्या शेजारी बसली. 

देनाबाईंनी फोन उचलला. "कालिना, किल्ली पाठव."

 पलीकडून रडण्याचा आवाज आला. "आई, मी सगळं परत देणार होते गं. तू इथं आलीस की लगेच. एक फाइलसुद्धा पुसलेली नाही."

"माहीत आहे मला. किल्ली पाठव. शनिवारी तुझ्या बाबांचं पत्रक लावायचंय."

"येशील ना मग?"

"आधी पत्रक लावू दे."

थोड्याच वेळात ओग्न्यानच्या लॅपटॉपवर मेल आला. या वेळी खरं नाव होतं, आणि खाली 'तुझी कालिना'. सोबत एक फाइल.

देनाबाईंचं बोट बटणावर गेलं, आणि तिथंच थांबलं. मग त्यांनी खण उघडून पेनड्राइव्ह काढला, फाइल त्यावर घेतली, गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या आणि टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर चालू केला.

तो सुरू व्हायला चार मिनिटं लागली.