मागे घेतलेलं बोट

प्रयोगशाळेतल्या ओझी उचलायच्या यारीला, म्हणजे क्रेनला, सिमेंटचा ठोकळा टांगलेला होता. त्याच्याकडे बघायचं टाळत डॉ. कुमुद सहस्रबुद्धे यारीचालक सदाशिव वाघमोडे यांचं बोलणं ऐकत होत्या. गेल्या महिन्यात सदाशिवनी ओझं उचललं, तेव्हा ओझ्याचा पट्टा आवळून तो बांधणाऱ्या इस्माईल मुजावरची दोन बोटं गेली. यंत्राच्या नोंदीत ‘उचल’ हा हुकूम स्वच्छ दिसत होता. कुमुदबाईंनी चालकाला दोषी ठरवलं होतं आणि आज दुपारी चौकशी मंडळ त्याला कामावरून काढणार होतं.

“बाई, मी कळ दाबलीच नाही,” सदाशिव म्हणाले. “इस्माईलची खोड मला ठाऊक आहे. पट्टा घसरू नये म्हणून तो शेवटपर्यंत धरून ठेवतो. आधी ‘हां’ म्हणतो, मग हात काढतो. त्याच्या ‘हां’बरोबर माझं बोट कळीकडे निघतं, पण हात बाहेर दिसेपर्यंत मी थांबतो. एवढी वर्षं असंच चाललंय आमचं. त्या दिवशीही थांबलो होतो.”

“मग यारी काय भुतानं उचलली?” मज्जातंतूंचे तज्ज्ञ विनायक टिळेकर म्हणाले.

“ते तुम्हीच सांगा साहेब. भूत तुम्हीच बसवलंय.”

टिळेकर हसले. कुमुदबाईंना हसू आलं नाही. ते भूत म्हणजे त्यांची पूर्वसंकेत-पट्टी. चालकाच्या दंडाला बांधायची. मेंदूचा हुकूम बोटापर्यंत पोचण्याआधीच ती तो वाचते आणि यारीला कळवते. कळ फक्त बोट टेकवण्यापुरती. ती दाबली गेली की नाही याची नोंदच होत नाही. थांबायचा हुकूम लवकर पोचला तर ओझं लवकर थांबेल, माणसांचे हात वाचतील, एवढीच मूळ इच्छा होती.

“विनायक,” त्यांनी हळूच विचारलं, “हुकूम निघाल्यावर माणसाचा विचार बदलला तर?”

“तर मागून दुसरा हुकूम निघतो, पहिल्याला अडवणारा. बोट कळीपाशी जाऊन थांबतं.”

“आणि पट्टी?”

टिळेकरांचं हसू मावळलं. “तिनं पहिला हुकूम केव्हाच पुढे पाठवलेला असतो. दुसरा पोचेपर्यंत यारीनं हिसका दिलेला असतो.”

“आपण इतक्या चाचण्या घेतल्या...”

“चाचणीत आपण दाबायचं ठरवून दाबत होतो, कुमुदबाई. ऐन वेळी कुणी थांबून बघितलंच नाही.”

सदाशिव आपल्या बोटाकडे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं कुमुदबाईंना वाटलं.

टेबलावर सर्वविराम कळ होती. तिच्या हुकमानं या पट्टीवर चालणारी प्रत्येक बंदरातली, प्रत्येक कारखान्यातली यारी जागच्या जागी थांबे. आत्ता या क्षणी कुठेतरी कुणीतरी ‘हां’ म्हणून हात काढत असेल. कुमुदबाईंनी हात पुढे केला. बोट खाली निघालं, आणि मनात आलं, सगळं थांबवलं म्हणजे चूक कबूल केली. संस्था, नाव, आयुष्यभराचं काम. आधी नीट पडताळून पाहू. उद्या.

त्यांनी बोट मागे घेतलं.

बाहेरच्या आवारातल्या याऱ्यांची घरघर एकदम बंद पडली. पाठोपाठ फोन वाजू लागले.

“दाबलीत!” टिळेकर थक्क होऊन म्हणाले. “खरं सांगू? मला नव्हतं वाटलं तुम्ही दाबाल.”

सदाशिवनी हात जोडले. “बाई, मोठ्या मनाच्या आहात.”

कुमुदबाईंनी दंडाकडे पाहिलं. सकाळच्या प्रात्यक्षिकाला बांधलेली पट्टी अजून तिथेच होती, सर्वविरामाशी जोडलेली. ‘हो, दाबली’ एवढंच म्हणायचं, की सगळं झाकलं जाणार होतं. पण मग चालकाचं म्हणणं खरं, हे दाखवायला हातात काय उरणार होतं?

त्यांनी उचललेला पहिला फोन चौकशी मंडळाच्या अध्यक्षांचा होता. “सर्वविराम कुणी दाबला?”

“कुणीच नाही,” कुमुदबाई म्हणाल्या. “मी दाबणार होते. पण माझा धीर सुटला. मी बोट मागे घेतलं, तरी याऱ्या थांबल्या. हे असंच लिहून घ्या. वाघमोड्यांच्या बाजूनं माझ्याकडे एवढाच पुरावा आहे.”

सदाशिवचे जोडलेले हात सावकाश सुटले. त्यांच्या तोंडाकडे बघायचं धाडस कुमुदबाईंना झालं नाही.