हरवलेला रिपोर्ट

"मॅडम, दुसरी बाई पडली. बरळतेय. कोणीतरी काहीतरी घालतंय हो!" वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक फोनवर धापा टाकत होता.

औषध निरीक्षक बाई तासाभरात पोहोचल्या. आठ दिवसांत दोघी. दोघी बायकांच्याच विभागातल्या. भिंतीपलीकडे पुरुषांच्या विभागात सगळे ठणठणीत. स्वयंपाक एक, पाण्याची टाकी एक, गोळ्यांचा डबाही एकच.

"मग फरक काय, डॉक्टर?"

"फरक एकच. तिकडची मावशी," आश्रमाचे म्हातारे डॉक्टर म्हणाले. "दिवसभर बायकांना पाणी पाजते. त्यात काय मिसळते कोण जाणे."

निरीक्षक बाईंनी मावशीची पिशवी जेवणघरात, सगळ्यांसमोर उलटी केली. फणी, अर्धवट विणलेला मोजा, ठिगळ लावलेला परकर. बाकी काही नाही. मावशीनं परकर पटकन पदराखाली ओढला.

"एवढं पाणी का पाजता?"

"डॉक्टरांनीच सांगितलं. नव्या गोळीनं लघवी जास्त होते, अंग सुकेल म्हणाले."

तरीही मावशीला घरी पाठवलं. पाण्याचे नमुने तपासणीला गेले.

तीन दिवसांनी बायकांच्याच विभागातल्या एक निवृत्त शिक्षिका न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. मावशी तर तेव्हा घरी बसून होती. पाण्यातही काही निघालं नाही.

निरीक्षक बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा पाहिलं. सकाळच्या गोळ्यांच्या ट्रेमध्ये सगळ्यांच्या खणात तीच नवी पांढरी गोळी होती. फक्त सगळ्यांत आधी पडलेल्या बाईच्या खणात नव्हती. आणि ती बाई आता खिडकीत बसून भाजी निवडत होती. तिच्या फाइलवर टाचणीची दोन भोकं होती. कागद नव्हता.

त्या आश्रमासमोरच्या प्रयोगशाळेत गेल्या.

"पहिल्या बाईंचं रक्त तपासलं होतं का?"

"हो. सोडियम फारच कमी होतं," तिथला तंत्रज्ञ वहीत बोट ठेवत म्हणाला. "मी स्वतः डॉक्टरांना फोन केला होता."

संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत व्यवस्थापक आणि मावशी दोघंही होते.

"विष कोणी घातलं नाही," निरीक्षक बाई म्हणाल्या. "रक्तदाबासाठी महिन्यापूर्वी लघवीची नवी गोळी सुरू झाली. सगळ्यांना एकच मात्रा. पण या गोळीनं रक्तातलं मीठ, म्हणजे सोडियम, उतरण्याचा धोका पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, त्यातून म्हाताऱ्या बायकांना. मूत्रपिंडं दोघांची सारखी वागत नाहीत. वरून बळेबळे पाणी पाजलं की रक्तातलं मीठ आणखी खाली जातं. माणूस बरळतं, तोल जातो."

"बायका अंगानं बारीक असतात, म्हणून असेल," व्यवस्थापक पुटपुटला.

"शिक्षिकाबाई तुमच्यापेक्षा जड आहेत. नुसत्या वजनावर जाऊ नका. डॉक्टर, पहिल्या रिपोर्टनंतर तुम्ही त्या बाईंची गोळी गुपचूप बंद केलीत. बाकीच्यांची का नाही केलीत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"सगळ्यांची केली असती तर कारण सांगावं लागलं असतं," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत माझी चूक कोणी काढली नव्हती. वाटलं, एकटीचंच असेल. मग दुसरी पडली, आणि मी... मावशीचं नाव घेतलं. रिपोर्ट मीच फाडला."



गोळी त्याच संध्याकाळी बंद झाली. डॉक्टरांविरुद्ध तक्रार लिहून निरीक्षक बाई व्हरांड्यात आल्या.

"मावशी, माझं चुकलं. माफ करा."

"मला एकटीला सांगून काय उपयोग, मॅडम? पिशवी तर सगळ्यांनी पाहिली."

निरीक्षक बाई विभागात शिरल्या. प्रत्येक खाटेपाशी थांबून सांगू लागल्या, मावशीवर आळ घेतला ती माझी चूक. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. एका आजीला कमी ऐकू येत होतं; तिच्यापाशी तेच वाक्य ओरडून दोनदा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या. शिक्षिकाबाईंना आता चांगली शुद्ध होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही आश्रमात आलात कधी?"

"तुम्ही पडायच्या तीन दिवस आधी."

"तेव्हाच फाइल उघडली असती तर?"

"तर तुम्ही पडला नसतात," निरीक्षक बाई म्हणाल्या, आणि त्यांना मान वर करता आली नाही.