शून्य नंबरचा चष्मा

चष्म्याच्या दुकानाची पायरी चढताना तिनं मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं — फ्-फ्-फ्रेम दाखवता का? — आणि तिचं तिलाच हसू आलं.

घरी तिला टकळी म्हणत. "हिची टकळी झोपेतच काय ती थांबते, आणि तीही रोज नाही," असं वडील आल्यागेल्याला सांगत. अशा मुलीनं स्पीच थेरपी शिकायला घेतली तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. "निदान बोलण्याचा पगार तरी मिळेल," एवढंच दादा म्हणाला. पण यंदा मॅडमनी गृहपाठ दिला तो भलताच. प्रत्येकीनं बाजारात जायचं, अनोळखी दुकानदाराशी मुद्दाम अडखळत बोलायचं आणि त्याचा चेहरा कसा बदलतो ते सोसून परत यायचं. "ज्याचं दुखणं बरं करायचं ते घटकाभर अंगावर घेऊन बघा," मॅडम म्हणाल्या होत्या.

वह्या-पेन्सिलींच्या दुकानदारानं तिच्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं. औषधवाल्यानं तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत खोकल्याची बाटली पुढे केली होती. आता हे शेवटचं दुकान.

गल्ल्यावर एक गोलमटोल काका बसले होते. काउंटरमागे बाह्या दुमडलेला एक तरुण, दातांत इवलासा स्क्रू-ड्रायव्हर धरून, कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होता.

"म-म-मला…"

"चष्मा हवाय," काका म्हणाले.

"न-न-नाही, फ्-फ्-"

"फुटलाय! दुरुस्ती. आण इकडे, पोरी."

"फ्-फ्-फ्रे-"

"फ्रेश व्हायचंय? नळ मागे आहे."

तरुणानं मान वळवून काकांकडे नुसतं पाहिलं. काका हिरमुसले आणि सुट्टे पैसे लावत बसले. मग त्यानं दातांतला स्क्रू-ड्रायव्हर काढून बाजूला ठेवला, हातातलं काम ठेवलं आणि तो थांबला. नुसता थांबला. घड्याळाकडे नाही, तिच्या ओठांकडे नाही, सरळ तिच्या डोळ्यांत बघत… जणू तिला संध्याकाळ झाली तरी त्याची हरकत नव्हती.

ऐकणाऱ्यानं कसं असावं हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. प्रत्यक्षात असा माणूस तिनं पाहिला नव्हता. ती इतकी गडबडली की फ्रेमचं बाजूलाच राहिलं आणि तोंडातून निघालं, "ड-ड-डोकं दुखतं."

त्यानं तिला उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट ठेवली आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं. "वाचा."

तक्त्याची शेवटची ओळ तिला सहज दिसत होती. पंचाईत वेगळीच होती. एकेक अक्षर अडखळत वाचायचं म्हणजे तक्ता संपणार कधी? "प… प-प… र-र…" तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि कंटाळून गेलंही. तो मात्र भिंगामागून भिंग बदलत राहिला. त्याची बोटं तिच्या कानाजवळ आली की तिला ठरवलेलं अडखळणं विसरायला व्हायचं.

"हे बरं, की हे?"

"द-दोन्ही बरी," ती म्हणाली. खरंच दोन्ही बरी होती.

त्यानं चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. "गुरुवारी," म्हणाला.

समोरच्या फुटपाथवर मैत्रीण पाय बदलत उभी होती. "किती वेळ! काय केलंस आत?"

"चष्मा करायला टाकला."

"तुला चष्मा? तुला तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या मोज्याचं भोक दिसतं!"

गुरुवारी ती गेली तेव्हा चष्मा तयार होता. त्यानं तो पुसला, उजेडात धरून पाहिला, आणि म्हणाला, "घ… घ-घालून बघा."

ती जागच्या जागी थिजली. त्याचा गाल किंचित ओढला गेला होता, पापणी क्षणभर घट्ट मिटली होती. हा गृहपाठ नव्हता. हे खरं होतं. परवा तोंडात स्क्रू-ड्रायव्हर, आणि मग मोजक्याच शब्दांची वाक्यं… आणि ती, तिसऱ्या वर्षाची हुशार विद्यार्थिनी, हिला काही कळलं नव्हतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण त्यानं दोन्ही हातांनी चष्मा तिच्या कानांवर अलगद बसवला, आरसा पुढे धरला आणि कानापर्यंत लाल होत म्हणाला, "छ-छान दिसतोय."

"थ-थ-थँक्यू," ती म्हणाली. खोटं आणखी एक पायरी चढलं.

मग चष्म्याच्या तक्रारी सुरू झाल्या. कधी स्क्रू ढिला व्हायचा (केसांतल्या पिनेनं तो ढिला करायला तिला सगळी सकाळ लागे), कधी काडी टोचायची, कधी नाकावरून घसरायचा. तो न कंटाळता दुरुस्त करायचा आणि हळूहळू बोलायचा. फोनची घंटा वाजली की तो काकांना उचलायला लावतो. हॉटेलात त्याला हवं ते नाही, ज्याचं नाव सोपं ते तो मागवतो.

"मग हे क-काम कसं निवडलंत?" तिनं विचारलं.

"इथे मोठ्यानं व-वाचायचं काम गिऱ्हाईक करतं," तो म्हणाला. दोघं इतकी हसली की काकांनी गल्ल्यावरून, "काय झालं? मला सांगा की! पडलं का कोणी?" असं तीनदा विचारलं.

आणि एक गंमत झाली. अडखळायचं म्हणून ती कमी बोलायची, आणि कमी बोलायची म्हणून ऐकायची. माणसं बोलता बोलता मध्येच थांबतात, आणि त्या थांबण्यातही काहीतरी सांगत असतात, हे टकळीला आजवर माहीतच नव्हतं.

घरी मात्र पंचाईत. एकदा दुकानातून काकांचा फोन आला आणि तिनं उचलला. "ह-ह-हो, य-येते मी."

दादा जेवता जेवता थांबला. "आई, हिला काहीतरी झालंय. वाक्य छोटं होतं."

"आणि हा चष्मा कसला?" आई म्हणाली.

"डोकं दुखतं."

"आमचं दुखायचं तुझ्या बडबडीनं. आता ते थांबलं, तर तुझं दुखायला लागलं!"

एका शुक्रवारी त्यानं चष्म्याचा स्क्रू पिळत सहज सांगितलं, "सोमवारपासून मी त्या क-कॉलेजच्या केंद्रात जाणार आहे. बोलण्याच्या उपचारांसाठी. तुम्हीही च-चला ना. दोघं एकदम शिकू."

त्या केंद्रात सोमवारी सकाळी ती पांढरा कोट घालून दारातच बसायची. पेशंटचं नाव विचारायचं काम तिचंच.

"सांगून टाक," मैत्रीण म्हणाली.

"काय सांगू? तुमचं जे जन्माचं दुखणं, त्याची मी रोज येऊन नक्कल करत होते म्हणून? तो तोंडसुद्धा बघणार नाही माझं."

"आणि सोमवारी कोट घातलेली बघेल तेव्हा?"

रविवारी सकाळी ती दुकानात गेली. चष्मा काढून तिनं काउंटरवर ठेवला. रात्रभर पाठ केलेलं भाषण एका दमात, एकदाही न अडखळता म्हणून टाकलं. मी त्या केंद्रात शिकते, गृहपाठ होता, मला काहीही होत नाही, तुमची चेष्टा करायची नव्हती, दुसऱ्याच भेटीत सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, हवं ते बोला मला.

काकांनी तोंड उघडलं आणि, नवल म्हणजे, मिटलं.

तो हसत होता.

"म-माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"अगं पोरी, अख्ख्या बाजाराला माहीत आहे," काकांना आता राहवेना. "दरवर्षी तुमच्या कॉलेजच्या मुली येतात. तो औषधवाला वाट बघत असतो. खोकल्याच्या बाटल्या खपतात त्याच्या! मीसुद्धा फ्रेश व्हायचा विनोद दरवर्षी करतो."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "पण… तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचं अडखळणं फार न-नीटनेटकं होतं," तो म्हणाला. "आम्हाला शब्द येण्याआधीच भ-भीती वाटते. तुम्हाला तक्त्याची वाटत नव्हती. शिवाय डोळ्यांचा नंबरही श-शून्य."

"नंबर शून्य? मग चष्मा का केलात?"

त्यानं खाली बघत काच पुसली. स्वच्छ होती ती, तरी पुसली. "न्यायला याल म्हणून… दरवर्षी कोणी ना कोणी य-येतं. परत कधीच कोणी आलं नव्हतं."

तिनं काउंटरवरचा चष्मा हळूच आपल्याकडे ओढला. रस्त्यावरून एक सायकल घंटा वाजवत गेली.

"आणि केंद्राचं? ते खोटं?"

"ते खरं. आणि तुम्ही त्याआधी सांगता की नाही, तेही ब-बघायचं होतं. आता तुम्हीच शिकवा मला."

"नाही हो जमणार. मॅडम दुसऱ्या कोणाला तरी देतील तुम्हाला. आम्हाला आपल्या… म्हणजे जवळच्या माणसावर उपचार करता येत नाहीत. नियम आहे."

त्यानं काच खाली ठेवली. "जवळचं म्हणजे क-किती जवळचं?"

टकळी उत्तर द्यायला गेली. जिला कधी कुठला शब्द कमी पडला नाही, तिनं तोंड उघडलं आणि—

"म… म-म…"

गाल तापले, पापण्या मिटल्या. शब्द समोर दिसत होता आणि हाताला लागत नव्हता.

"म-मला…"

"पावती हवी?" काका म्हणाले. "पैसे परत? अगं, मिळतील—"

"काका," तो म्हणाला, "ब-बोलू द्या तिला."

आणि तो थांबला. पहिल्या दिवशी थांबला होता तसाच, सरळ तिच्या डोळ्यांत बघत. त्या बघण्याचा आधार धरून ती एकेक अक्षर पुढे सरकली.

"म-मला तुम्ही… आ-आवडता."

काकांच्या हातातली नाणी खळकन सांडली.

"आता ज-जमलं," तो हळूच म्हणाला. "आता अगदी ख-खरं अडखळलात."

मग त्यानं श्वास घेतला. त्यालाही काहीतरी सांगायचं होतं. "म-म… म-मला…" त्याचा गाल ओढला गेला, पापणी मिटली. वाक्य कुठे निघालंय ते काकांना लख्ख दिसत होतं, ते पुरं करायला त्यांचे ओठ शिवशिवत होते. तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. काका दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले.

वाक्य यायला बराच वेळ लागला. तिलाही ते अख्खं ठाऊक होतं, पण तिनं त्यातला एक शब्दही पुढे केला नाही. कोपर काउंटरवर टेकून, हनुवटी हातावर ठेवून, टकळी ऐकत राहिली.