तिसऱ्या खणातला पार्ट

"तीनची एसटी चुकली तर अंडी गेली समज," दीपमाला मैत्रिणीला, अक्षराला, म्हणाली. दुकानातल्या घड्याळात सव्वादोन वाजले होते.

तिच्या आईने, चतुराबाईंनी, उबवणीच्या पेटीत सव्वाशे अंडी लावली होती. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची आणि एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे आजच सकाळी, पेटीतली ऊब राखणारा बोर्ड जळला. आता अंडी गोधडीत होती, गरम पाण्याच्या बाटल्यांच्या उबेला. संध्याकाळच्या पुढे बाटल्यांवर निभणार नव्हतं.

उदगीरचं हे रिपेअरिंगचं दुकान अक्षराच्या अज्जांचं, म्हणजे आजोबांचं, चंद्रप्पांचं. खुर्चीवर मात्र आता राजशेखरकाका बसत. त्यांनी फोनवरची नजर न हलवता उजवीकडून तिसऱ्या खणात हात घातला, एक बारका काळा पार्ट काढला आणि बोर्डावर सोल्डर करून टाकला.

"काका, जुना एमआर २१८ होता. ह्यो तर एमआर ५४० हाय," अक्षरा म्हणाली.

"कंपनी येगळी, काम तेच. पंचवीस वर्सं झाली ह्या खुर्चीवर. डोळे झाकून हात घातला तरी बरोबरच येतं." एवढं बोलून स्वारी चहाला गेली.

काकांचं म्हणणं पुष्कळदा खरंही असे. पण अक्षराची नजर खणांवरून हलेना. खंडेनवमीला सगळे खण काढून, धुऊन, पूजेला मांडले होते ते तिनेच. संध्याकाळी घाईघाईत परत बसवलेही तिनेच. ओळीने बसवले होते का? काही केल्या आठवेना. तिने कुणाला सांगितलं नाही.

चुलतभाऊ वीरेशने फोनवर ५४०ची माहिती शोधली. चाळीस पानांची फाइल! रेंजची दांडी एकच, फाइल उघडता उघडेना.

"थांब, एपीआयनं विचारू," अक्षरा म्हणाली. लातूरच्या सुट्टीतल्या शिबिरात ती ते शिकली होती. पान उघडायचंच नाही. आपल्या छोट्या प्रोग्रॅमने पार्टचा नंबर पाठवायचा, तिकडून चार ओळींत उत्तर येतं. त्यासाठी खातं उघडून मिळालेली लांबलचक चावी तिच्या वहीत शेवटच्या पानावर होती. "दिवसाला दहा विचारणा फुकट हायेत."

वीरेशने मान खाली घातली. "सकाळी मी सात उडवल्या. रिमोटमदल्या पार्टांच्या."

"तुला ना..." दीपमाला दात खाऊन म्हणाली.

उरल्या तीन. अक्षराने दुकानातला जुना लॅपटॉप फोनला जोडला आणि नंबर पाठवला. उत्तर आलं: ४०१, ओळख पटली नाही. चुकलेली विचारणाही मोजली गेली. उरल्या दोन, आणि पार्टही दोनच.

तिने विचारणा पुन्हा वाचून पाहिली. शिबिरात सरांनी काय सांगितलं होतं? चावी पत्त्यात चिकटवायची नाही, विचारणेच्या हेडरमध्ये, म्हणजे वरच्या ठरावीक रकान्यात, द्यायची. अर्जावर सही नेमल्या जागीच लागते, समासात केली तर कारकून अर्ज परत करतो, तसंच हे. तिने चावी जागेवर लिहिली. दीपमालाने वहीतलं एकेक अक्षर वाचून ताडून पाहिलं.

"आता चुकलीस तर?" वीरेशने विचारलं.

"तू गप बस."

कुठला पार्ट पुढे किती व्होल्ट सोडतो, त्याची उत्तरं आली. एमआर २१८: तीन पूर्णांक तीन व्होल्ट. एमआर ५४०: पाच व्होल्ट.

"दीड-दोनचाच तर फरक हाय," दीपमाला म्हणाली.

"लातूरला मी असाच उष्णतेचा सेन्सर पाच व्होल्टवर जाळला. जळायच्या आदी तो नुसता थंड हाय, थंड हाय म्हणत होता. पेटीतला सेन्सर तसं म्हणला तर हीटर बंदच व्हायचा न्हाई. अंडी उकडून निघतील."

दीपमालाचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिचे बाबा भुजंगराव आणि काका बरोबरच आत आले. भुजंगरावांनी बोर्ड पिशवीत टाकला. "चल पोरी, गाडी लागली."

"नेऊ नका," अक्षरा म्हणाली. "पार्ट चुकीचा हाय."

"आता पोरं शिकवणार व्हय मला?" काका भडकले. आवाज ऐकून आतल्या खोलीतून अज्जा आले.

आता बोलावंच लागणार होतं. अक्षराच्या डोळ्यांत पाणी आलं. "अज्जा, खंडेनवमीला खण मी बसवले. माझ्याच हातून उलटेपालटे झालेत."

अज्जांनी स्क्रीनवरच्या ओळी वाचल्या. मग एकेक खण ओढून पाहिला. २१८ पाचव्या खणात निघाला.

"राजा," ते काकांना शांतपणे म्हणाले, "व्होल्ट मोजायचा मीटर काय नुसता पूजेला ठेवलाय?"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी मुकाट्याने पार्ट बदलला आणि या वेळी मीटर लावून पाहिला. बरोबर तीन पूर्णांक तीन. दीपमालाने बोर्ड उराशी धरून स्टँडकडे धूम ठोकली, मागून भुजंगराव.

अज्जांनी अक्षराला जवळ घेतलं. "चूक समद्यांच्याच हातून होते बाळा. चारचौघात कबूल करायला लई जिगर लागते. उद्या परत्येक खणावर तुझ्या हातानं चिठ्ठी लाव."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. दीपमालाचा होता. नुसता चिवचिवाट ऐकू येत होता. अक्षराने फोन काकांच्या कानाला लावला.  मग खुर्ची जराशी सरकवून त्यांनी तिच्यासाठी जागा केली.

"ती विचारणा कशी करायची ते मला बी दाव. आज किती उरल्यात?"

अक्षराने वीरेशकडे पाहिलं. वीरेश छताकडे बघत होता.

"दोन," ती म्हणाली.