दोन्ही प्लग आठ नंबरचेच

"यादवकाकांना काढलं," असं म्हणत सुयश धापा टाकत ओट्यावर येऊन बसला आणि मनालीच्या हातातला चिवडा हातातच राहिला.

शेजारी तृप्ती बसली होती. यादवकाका म्हणजे तिचे वडील. दिवाळीच्या सुट्टीत नांदूर मध्यमेश्वरला जाऊन पक्षी बघायचा तिघांचा बेत चालला होता, तो जागच्या जागी बारगळला.

"काढलं म्हणजे? नीट सांग ना," मनालीने धाकट्या भावाला हलवलं.

"आज दुसराही पंप जाम झाला. मिस्त्रीकाका म्हणाले, पेट्रोलमध्ये ऑईल कमी पडलंय. मग बैठकीत बायका म्हणाल्या, कमी पडेलच कसं? यादवनंच विकलं असणार. आता साडेतीनच्या वणीच्या गाडीनं गावी जा म्हणून सांगितलंय."

निफाडजवळच्या त्यांच्या गावात महिला बचत गटाचे सहा पंप होते. पाठीला अडकवून द्राक्षबागेत फवारणी करायचे, ऑईल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारे. गटाची अध्यक्ष होती मनाली-सुयशची आई, रोहिणी. सुरगाण्याकडचे यादवकाका तीन वर्षं हंगामात येऊन हे पंप चालवत, आणि आश्रमशाळेला सुट्टी लागली की आठवीतली तृप्तीही त्यांच्याकडे येई.

"ऑईल तर मी मोजते," तृप्ती हळू आवाजात म्हणाली. "बा मला मापाच्या रेघेशी डोळा लावून मोजायला लावतो. एक थेंब कमी नाय पडत." मग तिचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे चोर मीच झाले ना?"

चोर हा शब्द आपल्या मैत्रिणीच्या तोंडून तिच्या स्वतःबद्दल ऐकायला मिळेल, असं मनालीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिने चिवड्याची वाटी बाजूला सारली. "चल. तो पंप बघू आधी."

फाट्यावर पुंजाराम मिस्त्रींचं गॅरेज होतं. दोन दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस झाल्याने द्राक्षांवर डावणी रोग पडायची सगळ्यांना धास्ती होती आणि मिस्त्रींसमोर दुरुस्तीला आलेल्या पंपांची रांग लागली होती. गटाचे सहाही पंप तपासणीसाठी तिथेच आणून ठेवले होते. प्रत्येक टाकीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत 'प्लग ८' असं लिहिलेलं. कुणाची चूक होऊ नये म्हणून हे आईनेच रंगवून घेतलं होतं.

"मिस्त्रीकाका, हा पंप उघडून बघितलात का तुम्ही?" मनालीने विचारलं.

"उघडायला टाइम कुठं हाय? इंजिन जाम झालं म्हंजे ऑईल कमी. ते बाहेरूनच कळतं."

"मग आम्ही उघडतो."

मिस्त्रींना हसू आलं. "उघडा की. बोल्ट हरवला तर मात्र मी इथंच बसवून ठेवीन."

आधी ठिणगी पाडणारा प्लग काढला. मग चार बोल्ट सैल करून सिलिंडर उचलला, आणि तिघांचेही डोळे विस्फारले. आतल्या पिस्टनच्या डोक्याला चक्क भोक पडलं होतं. सुयशची करंगळी आरपार जाईल एवढं.

"मिस्त्रीकाका," मनालीने हाक मारली, "हे बघा."

मिस्त्री हातातलं काम टाकून आले, वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. "आयला," ते पुटपुटले. "ऑईल कमी पडलं असतं तर पिस्टन बाजूनं खरवडला असता. ह्यो तर वरून वितळलाय."

"म्हणजे बाचा दोष नाय?" तृप्तीने विचारलं.

मिस्त्रींनी मान खाजवली. सकाळी आपण न बघताच निकाल दिला, हे त्यांना आठवलं. "नाय, पोरी. पण मग दोष कुणाचा, ते मलाबी कळंना."

मनालीने सहाही पंपांचे प्लग काढून एका वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. चांगल्या चार पंपांच्या प्लगची टोकं भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखी तांबूस होती. जाम झालेल्या दोन पंपांच्या प्लगची टोकं मात्र पांढरीफटक, त्यावर बारीक फोड आलेले आणि ठिणगीची तार अर्धी झिजलेली. हे दोन प्लग गेल्याच आठवड्यात नवीन घातलेले होते.

"कंपनी वेगळी दिसते," सुयश म्हणाला. "पण आकडा आठच आहे. आटेही सारखे."

"वरून सगळं सारखंच आहे. आत बघू," म्हणत मनालीने झाडूची एक काडी मोडून आणली. जुन्या प्लगच्या तोंडात ती थोडीशी गेली आणि अडली. नव्या प्लगमध्ये तीच काडी जवळजवळ दुप्पट खोल गेली. तिने दोनदा करून पाहिलं, मग तृप्तीने करून पाहिलं. फरक तोच.

आता मिस्त्री खालीच बसले. "नवा प्लग गरम जातीचा हाय गं. आतली चिनी मातीची नळी लांब असली की प्लग उष्णता धरून ठेवतो. आखूड असली की लवकर बाहेर सोडतो, तो थंड प्लग. दिवसभर फुल रेसवर चालणाऱ्या पंपाला थंडच पाहिजे. गरम घातला तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल भडकतं, मग पिस्टन कसा टिकंल? पण दोन्ही आठ नंबर, आणि एक थंड, एक गरम? असं कसं?"

पंपांच्या सामानात पडलेल्या नव्या प्लगच्या खोक्यावर नाशिकच्या द्वारका चौकातल्या दुकानाचा शिक्का होता. मिस्त्रींच्या फोनवरून सुयशने फोटो पाठवले आणि लगेच दुकानदार सोमनाथभाऊंना फोन लावून स्पीकर चालू केला.

"अहो, या दोन कंपन्यांची मोजणीच उलटी आहे," ते म्हणाले. "एकीचा आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, दुसरीचा वाढला की गरम. आठच्या जागी आठ घातला की वाट लागलीच. नेहमीची कंपनी संपली होती, म्हणून मी ताईंना म्हटलंही, मिस्त्रींना एक फोन करा. तर त्या म्हणाल्या, आमच्या टाकीवर आठ लिहिलंय, आठच द्या."

"कोणत्या ताई?" मनालीने विचारलं.

"तुमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. रोहिणीताई."

सुयशने फोन बंद केला. गावात कुणाचा अर्ज लिहायचा असो की भांडण मिटवायचं असो, लोक मनालीच्या आईकडे येत. आईचं चुकू शकतं हा विचारच तिने कधी केला नव्हता.

"आईला रात्री घरी सांगूया," सुयश कुजबुजला. "सगळ्यांसमोर नको."

मनालीला ते मनापासून पटलं. मग तिने तृप्तीकडे पाहिलं. तृप्ती घड्याळाकडे बघत होती. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

समाजमंदिरात बैठक अजून चालूच होती. मनालीने दारातूनच सगळं सांगितलं, एका दमात. मध्ये थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही, याची तिला खात्री होती. सांगून झाल्यावर तिने एक जुना, एक नवा प्लग आणि ती काडी सतरंजीवर ठेवली. मागून आलेल्या पुंजाराम मिस्त्रींनी "पोरगी खरं बोलतीय, मीबी न बघताच बोललो होतो," असं मोकळेपणाने सांगून टाकलं.

आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिने काडी उचलली, एका प्लगमध्ये घातली, मग दुसऱ्यात. "मीच आणले हे," ती म्हणाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना काही विचारायचीही उसंत न देता आईने स्कूटरची किल्ली घेतली. "मनाली, बस मागे. तृप्ती, तूही."

फाट्यावर पोचल्या तेव्हा गाडी सुटायच्या बेतात होती. आई गाडीत चढली आणि सगळ्या प्रवाशांसमोर हात जोडून म्हणाली, "यादवभाऊ, दोष तुमचा नव्हता, माझा होता. चुकीचा प्लग मी आणला. खाली उतरा."

यादवकाका जागचे हलले नाहीत. "बाई, मला चोर कुठं म्हणले? बैठकीत. मग हे बी तिथंच बोला."

काकांना इतक्या ठामपणे बोलताना मनालीने कधी ऐकलं नव्हतं.

"बोलते," आई म्हणाली. "चला."

कंडक्टरने स्वतःहून काकांची पिशवी खाली दिली.

आई बैठकीत उभी राहिली आणि काही न लपवता बोलली. ज्या बायकांनी मघाशी काकांवर तोंडसुख घेतलं होतं, त्यांच्या माना खाली गेल्या. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या भिमाबाईंनी उठून तृप्तीच्या डोक्यावरून हात फिरवला. "आमची जीभ घसरली गं, लेकी. तुम्ही पोरांनी डोकं चालवलं म्हणून बरं." यापुढे यादवकाकांनी बघितल्याशिवाय प्लग आणायचा नाही, असं तिथेच ठरलं. पुंजाराम मिस्त्री म्हणाले, "तीस वर्षं पाने फिरवतोय, पण आज ह्या पोरांकडून शिकलो. आधी उघडायचं, मग बोलायचं."

घरी परतताना मनाली आईच्या मागे मागे चालत होती. शेवटी तिच्याने राहवेना.

"आई, मी सगळ्यांसमोर बोलले. रागावलीस का?"

आई थांबली. "आधी रागावले होते," ती म्हणाली. "मग गाडीत यादवभाऊंचं तोंड बघितलं. तू मला घरी एकटीला सांगितलं असतंस ना, तर मी उद्या बघू म्हणाले असते. खरंच म्हणाले असते, मनू. आणि गाडी निघून गेली असती."

मनालीला धक्का बसला, दिवसभरातल्या सगळ्या धक्क्यांपेक्षा मोठा. तिने आईचा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.