भित्रं ठरवलेलं गाव

मुख्यालयातल्या साहेबांनो, तुम्ही सिरोंच्याला भित्रं ठरवलंत, आणि तेही गावात पाऊल न टाकता!

कॅप्टन ललिता दुर्गे हे वाक्य सकाळपासून मनात घोळवत होती. ऐकवायला साहेब तेवढा समोर नव्हता. होता तो त्याचा हुकूम: सिरोंचा-नागपूर विमान आजच्या फेरीनंतर बंद.

गरुडवाहिनी ही देशाची स्वतःची विमानसेवा. टपालाची पोती वाहणाऱ्या दोन विमानांवर सुरू झालेली. पोत्यांवर बसायची तयारी असेल तर एखादा प्रवासीही घ्यायचे म्हणे. पुढे जेट आली, परदेश आले, आणि लहान गावं खालीच राहिली. आता शंभरीच्या तोंडावर तिच्या ताफ्यात 'मैदानी' विमानं आली होती. विजेवर चालणारी, एसटीएवढी, शाळेच्या मैदानावरूनही उठणारी. त्यातलं एक ललिताने भांडभांडून स्वतःच्या गावासाठी आणलं होतं.

कुठे उडायचं हे मात्र माणसं ठरवत नव्हती. ते ठरवायची मार्गमती, गरुडवाहिनीचा यंत्रमेंदू. प्रत्येक फाटकावर तिचे कॅमेरे. कोण आलं, कोण चढलं हे बघून ती शिकायची. सिरोंच्यावर तिचा शेरा होता: 'लोक भरपूर येतात, पण विमान पाहून घाबरतात आणि परत जातात.'

"आमी घाबरतो?" फाटकाशी उभे असलेले पोचम गग्गुरी तिच्याकडून हा शेरा ऐकून म्हणाले. "पुरात प्राणहिता डोंग्यानं पार करते हे गाव."

"यंत्र म्हणते तसं, काका."

"मंग त्या यंत्राले आन ना एकदा डोंग्यात बसवाले."

सगळे खो खो हसले. पोचमकाकांची पुतणी सरिता नागपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायला निघाली होती. पोचवायला अख्खी आळी आली होती. आत्या, वहिन्या, मैत्रिणी, कडेवरची पोरं. "पोचल्यावर फोन कर वो," "तिकडं उपाशी नोको राहू," असा कालवा चालला होता. सरिता विमानात चढली. बाकीचे माघारी वळले.

ललिता एव्हाना कॉकपिटमध्ये जाऊन बसली होती आणि तिथल्या पडद्यावर हे बघत होती. कडेला मार्गमतीचे आकडे फिरत होते: आले, चढले, घाबरून परतले. आत्या डोळे पुसत फाटकाबाहेर पडली, शेवटचा आकडा वाढला. वहिनीच्या कडेवरचं तान्हं बाहेर गेलं, आकडा पुन्हा वाढला.

ललिताने लगेच फोन उचलला. तिने मुख्यालयात शिवलकरला गाठलं. मार्गमतीला शिकवणाऱ्यांपैकी तो एक.

"शिवलकर, तुमच्याकडे पोचवायला आलेली माणसं कुठपर्यंत येतात?"

"दारापर्यंत. आत फक्त तिकीटवाला. का हो?"

"इथे दार नाही, कुंपणाचं फाटक आहे. एक जण उडतो तेव्हा आख्खी आळी आत येते, टाटा करते आणि घरी जाते. तुमची बया प्रत्येकाला पळपुटा प्रवासी समजतेय. अहो, तान्ह्या पोरालासुद्धा!"

पलीकडे बटणांचा खडखडाट झाला. मग शिवलकर हळूच म्हणाला, "ती मोठ्या विमानतळांवर शिकली, मॅडम. निरोप द्यायला माणसं येतात, हे आम्ही तिला सांगितलंच नाही."

"मग आता सांगा!"

थोड्याच वेळात खुद्द साहेबांचा आवाज आला. "कॅप्टन, उत्तम काम. सिरोंच्याचं विमान चालू राहील. उडा."

ललिताला वाटलं, विमान सोडून आपणच उडावं. तिने हात वर करून काचेतून, कुंपणापलीकडे थांबलेल्या पोचमकाकांना खूण केली. गाव नाचायलाच लागलं. तेवढ्यात साहेब पुढे म्हणाले, "बाहेर मात्र बोलू नका. शंभरीचा समारंभ आहे, आणि या शेऱ्यावर आपण बऱ्याच गावांची विमानं बंद केलीत."

तिचा हात तसाच हवेत राहिला.

"उडते, साहेब," ती म्हणाली. "नागपूरला उतरले की पहिला फोन तुम्हाला. त्या बंद केलेल्या गावांतलं खरोखर घाबरलेलं गाव कोणतं? तोवर एकाचं तरी नाव शोधून ठेवा."